चुळबुळ

पनवेलच्या एसटी स्टँडवर मिताली चार वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन पेणच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकावर दोन म्हातारी माणसं बोलत होती.

"झिल्पाताई, गोष्ट लिहून झालीय ना? मग द्या की छापायला."

"एखाद्या लहान मुलाला वाचून दाखवल्याशिवाय मी कधी दिलीय, प्रभाकर? मूल चुळबुळलं की तेवढा भाग खोडायचा."

"मग नातवाला दाखवा, फोनवरून."

"दाखवली काल. इलान एकदासुद्धा हलला नाही."

"म्हणजे आवडली."

"अरे, तो तिकडे इस्रायलात वाढलेला. त्याला मराठी कुठे कळतंय? आजीचं मन राखत बसला होता बिचारा."

"आणि शेजारपाजारची मुलं?"

"शाळेतून क्लासला, क्लासमधून पोहायला. दार वाजवायचीसुद्धा लाज वाटते आता."

"मला वाचून दाखवा मग."

"तू कसला चुळबुळतोस? तुला माझं सगळंच आवडतं."

"वाचा तर."

कागद सळसळले. पेणची गाडी लागली, पण मिताली उठली नाही. तिनं लेकीला अलगद मागच्या बाकाकडे तोंड करून बसवलं.

पोर पहिलं पान टक लावून ऐकत राहिली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तिनं चप्पल काढली, घातली, पुन्हा काढली.

झिल्पाताई वाचता वाचता थांबल्या.

"प्रभाकर, पेन दे."