गौरवी कॉम्प्युटर जोडणार

लाटंबार्सेला बाप-लेक म्हापशाच्या बसमध्ये चढले आणि माझ्या पुढच्या सीटवर बसले.

"गौरवी, तयार कॉम्प्युटर मेळता मगो! मग सुटे पार्ट कित्याक?"

"बाबा, गेम खेळायला पहिलाच घेतेय, तो मी स्वतः जोडणार. कॅबिनेट काचेचं घेऊया."

"आत देव बसवूचो आसा?"

"सहा पंखे बसवायचेत. ग्राफिक्स कार्ड तापतं."

"आमचो पंप तापलो की आम्ही च्या पितो."

"तू पण खेळ ना. शेतीचाही गेम असतो, ट्रॅक्टर चालवायचा."



"थंय गेमात भातात गवे येतत?"

"नाही येत."

"काजीच्या झाडांत माकडां?"

"बाबा, कोणीच येत नाही."

"मग खुर्च्यो दोन घे."