डिझेलमधली हवा

विश्रामबागच्या प्रसूतिगृहात चंदनबाला बहिणीसाठी थांबली होती. शेजारच्या बाकावर सुनेला घेऊन आलेले मानसिंगराव विहीणबाईंशी, बनुबाईंशी बोलत होते.

"वाटंतच जुनी जीप बंद पडली बगा. किल्ली फिरवली की नुसती घरघर, पर चालूच व्हईना."

"आगं बया! आन् पोरगी?"

"मागं कळा देत हुती. मी बॉनेट उघडून नुसता बगत हुतो. तर तीच म्हनली, मामंजी, बॅटरी चांगली हाय, डिझेलमधी हवा धरलीया. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा आन् तिथलाच बारका हातपंप मारा."

"बापाच्या ट्रॅक्टरवर शिकली ती."

"मी पंप मारतुय, तर कळा सोसत म्हनती, बुडबुडं थांबूस्तवर मारा. मग स्क्रू आवळला, किल्ली फिरवली, आन् जीप सुरू!"

"देवच पावला."

"देव कुठला? तुमचं मालक पावलं. ते आज असतं तर पायावर डोकं ठेवलं असतं मी."

तेवढ्यात नर्स बाहेर आली. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

मानसिंगरावांनी डोळे पुसले.

"जावा पावणं, माज्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवा."

"कसा ठेवू? धुतलं तरी हाताला डिझेलचा वास येतुय."

"येऊ द्या. तिच्या बापाच्या हाताला बी त्योच यायचा."