अख्ख्या देशाला तीन!

नाही, पण मला एक सांगा, गणितयंत्राच्या खुर्चीवर मक्याचा दाणा येतोच कसा? आणि एक नाही, तीन! सोमवारी सकाळी साडेआठला मी तळघरात उतरले, यंत्र बंद, दाराला कुलूप, आणि खुर्चीच्या गादीवर पिवळेधमक तीन दाणे. मी किंचाळलेच. आता दाणे बघून कुणी किंचाळतं का, असं तुम्ही म्हणाल, पण तुम्हाला सांगते, दाणा म्हणजे उंदीर, उंदीर म्हणजे कुरतडलेल्या तारा, आणि आमच्या यंत्रात दोन हजार काचेच्या नळ्या आहेत हो, एक विझली तरी सगळं गणित बोंबलतं! आणि शुक्रवारी संध्याकाळी कुलूप लावलं कुणी? मी! म्हणजे नाव कुणाचं येणार? एव्हरिल रिग्बीचं!

तशी मी घाबरटच. कॉलेजात गणितात पहिली आले तेव्हा निकालाचं पाकीट शेजारच्या बाईंकडून उघडून घेतलं होतं. पण यंत्रखोलीची मुख्य क्लॅरिस हिंडल, ती काही घाबरट नाही. तिने दाणा उचलला, उजेडात धरला आणि म्हणाली, "अगं, उंदराने सोडला असता का? खाल्ला नसता?"

बरोबर होतं. उंदीर नाही. म्हणजे... माणूस!

आता एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण त्याच दुपारी ऑर्मरॉडसाहेबांनी एक अहवाल हातात ठेवला. ऑर्मरॉडसाहेब म्हणजे आमच्या टॅटर्सफील्ड कंपनीचे विक्रीप्रमुख. कंपनी इतकी वर्षं इस्त्र्या करायची, लढाईनंतर हे एक यंत्र केलं, आणि आता प्रश्न असा की आणखी करायची की पुन्हा इस्त्र्या? "मिस रिग्बी, यंत्र हवंय का म्हणून गावोगाव पाठवलेल्या पत्रांची उत्तरं जानेवारीतच आलीत. देशाला किती यंत्रं लागतील ते मोजा, खाली सही करा. अहवाल शुक्रवारी साडेपाचच्या गाडीने लंडनला संचालकांकडे जायचाय."

मी फाईल उघडली. पहिलं पान कोरं. मधली पानं कोरी. आणि शेवटचं पान आधीच टाइप केलेलं! 'सबब, अख्ख्या देशाला तीन यंत्रे पुरतील. हिशोब तपासला,' आणि खाली माझं नाव!

"सर... उत्तर आधीच छापलंय."

"मग काय झालं? शेवटी तेच येणार. केंब्रिजचे गणिताचे प्रोफेसरसाहेब म्हणालेत. एक लंडनला, एक केंब्रिजला, एक आपलं. चौथं घेऊन लोकांनी काय त्यावर कुंड्या ठेवायच्या?"

"पण ती तीन तर झालेलीच आहेत, सर. मग आपण..."

"इस्त्र्या!" साहेब म्हणाले. "इस्त्री घरोघर लागते, बाई."

आणि वरती नळ्या जोडणाऱ्या चाळीस बायका? क्लॅरिस? मी? अख्ख्या देशाला तीन म्हणे!

तरी मी मोजलं. उत्तरं वाचून रडावं की हसावं कळेना. बोल्टनच्या कापडगिरणीने लिहिलं होतं, 'आमच्याकडे मिस थ्रेलफॉल आहेत. तीस वर्षं बेरजा करताहेत, एकदाही तापलेल्या नाहीत.' स्टॉकपोर्टच्या टोपीवाल्याने विचारलं होतं, 'यंत्र चहा पीत नसेल तर चार वाजता नेमकं काय करतं?' कुणालाच नको होतं. मग मी पद्धतीप्रमाणे देशात वर्षभर जेवढी गणितं होतात तेवढी जमवली, यंत्राच्या वेगाने भागली, आणि उत्तर आलं पावणेतीन. पावणेतीन! म्हणजे तीनच की. मला हायसं वाटायला हवं होतं ना? उलट मी भागाकार पुन्हा करून पाहिला. उत्तर इतकं शहाण्यासारखं कधी येतं का हो?

आणि मग मी क्लॅरिसचं नोंदीचं रजिस्टर उघडलं. जानेवारीत नुसतं 'धूळ पुसली, धूळ पुसली.' फेब्रुवारीत तो टोपीवाला 'नुसतं बघायला' आला. बघितलं, टोपी हातात गोल गोल फिरवली आणि म्हणाला, "फक्त एक छोटंसं गणित होतं..." सगळ्या परगण्याची डोकी! मापांसकट! मार्चमध्ये पाद्रीबाबा. "मुली, सन पाच हजारपर्यंतच्या ईस्टरच्या तारखा काढून देशील? छोटंसंच आहे." काढून दिल्या, तर एप्रिलमध्ये पुन्हा हजर, आता सहा हजारपर्यंतच्या हव्यात! आणि बोल्टनची गिरणी? स्वतः मिस थ्रेलफॉल आल्या, भरतकामाची पिशवी घेऊन, आणि उठायचं नाव घेईनात. मे उजाडेपर्यंत जिन्यात माणसं बसलेली, गळ्यात गणितं टोचलेल्या कागदी फितीच्या माळा, आणि तुझा नंबर की माझा यावरून छत्र्यांनी मारामारी. ही सगळी तीच माणसं बरं का, ज्यांनी 'नको' लिहून पाठवलं होतं!

त्यात एक नोंद दर शनिवारी, छापील अक्षरांत, क्लॅरिसच्या हातची नाही. नाव नाही, गाव नाही. नुसतं 'राष्ट्रीय महत्त्वाचं काम.'

लढाई संपून जेमतेम सहा वर्षं झालेली, कोण कुणाचा हेर, काय सांगावं? आणि तीन दाणे... तीन यंत्रं... खूण असेल का? मी कचऱ्याची टोपली उपसली आणि तळाला सापडला चुरगळलेला कागद. 'निळी राणी, मिनिटाला तेराशे बारा यार्ड. म्हातारी मेबल, मिनिटाला तेराशे चार.' विमानं! गुप्त विमानं, टोपणनावांनी! मग मी मनातल्या मनात हिशोब केला, तर ताशी पंचेचाळीस मैल. एवढ्या हळू विमान उडेल का हो? पडेल ते!

शुक्रवारी दुपारी चारला कागद घेऊन ऑर्मरॉडसाहेबांच्या खोलीत गेले, दार घट्ट लावलं आणि कुजबुजले, "सर, आपल्याकडे हेर आहे." साहेबांनी चष्म्यासाठी खिशातून रुमाल काढला, आणि टेबलावर टपटप टपटप... मका!

"अरे वा, निळी राणीचा कागद! कुठे सापडला?" साहेब कागदावर झेपावले.

ओल्डहॅमच्या कबुतर-शर्यतींच्या क्लबाचे चिटणीस निघाले हो साहेब, आणि दर शनिवारी स्वतःच्या किल्लीने तळघर उघडून निकाल काढत होते! "हसू नका, मिस रिग्बी. चारशे पाखरं. प्रत्येकाचं खुराडं वेगळ्या ठिकाणी, म्हणून प्रत्येकाचं अंतर वेगळं, म्हणून वेग काढल्याशिवाय निकाल लागत नाही. हाताने करायला बुधवार उजाडतो, आणि रविवारीच मंडळी एकमेकांच्या मिशा उपटतात."

"सर, असे क्लब देशात किती असतील?"

"हजारो! का?"

"मग... तीन?"

"कबुतरं मोजायची नसतात!" साहेब लालबुंद. "ते काम नाही, छंद आहे!"

"आणि टोप्या, सर? ईस्टर? ही गणितं यंत्र यायच्या आधी नव्हतीच कुठे. माझ्या हिशोबात आलेलीच नाहीत."

साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. शेजारी पेन. आणि अगदी मायेने म्हणाले, "रॉचडेलच्या मुलींच्या शाळेत पाढे शिकवायला बाई हवी आहे म्हणे. हवा छान आहे तिथली."

पण तोंडातून निघून गेलं, "अर्धा तास द्या, सर. ही नवी गणितं घालून यंत्रावर पुन्हा भागते. मग तीन आले तर तीनवर सही."

"घ्या की! यंत्र काय, रिकामंच पडलेलं असतं."

मी तळघरात फोन लावला. वाजतोय, वाजतोय. साहेब घड्याळाला किल्ली देताहेत. वाजतोय. मला वाटलं, क्लॅरिसला काही झालं? छत्री लागली? पाच वाजले. वाजतोय... आणि एकदाचा उचलला!

"बोला पटकन!" क्लॅरिस. मागे नुसता मासळीबाजार. "कोण, एव्हरिल? आज? अगं बाई, जून संपेपर्यंत मिनिट रिकामं नाही! पाद्रीबाबा तर डबा घेऊन बसलेत."

"मग लंडनला विचारू का? नाहीतर केंब्रिजला?"

"लंडनचे तिसऱ्या पायरीवर बसलेत, केंब्रिजचे पाचव्या. त्यांचंही भरलंय. तुला सातवी पायरी चालेल?"

मी फोन ठेवला. पेन उचललं. 'अख्ख्या देशाला तीन यंत्रे पुरतील' याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'हिशोब तपासता आला नाही. तिन्ही यंत्रांना वेळ नव्हता.' आणि केली सही! साहेबांनी न वाचताच पाकिटाला लाख लावली... आणि मी उशी घेऊन सातव्या पायरीवर जाऊन बसले.