काटा मध्यावर होता हो!

मध्यावर होता हो काटा, अगदी मध्यावर! कुठलंही पुस्तक उघडा, इंजिन चालू असताना तापमानाचा काटा तिथेच असायला पाहिजे... आणि आमचे बाबा भर स्वारगेटला, मागे बस कोकलतेय, रिक्षावाले आमच्या सात पिढ्यांची चौकशी करतायत, आणि हे ओरडतायत, "उतरा! सगळे उतरा! गाडी पेटणार!"

कशाला हात लावला मी त्या गाडीला? तुम्हीच सांगा, कशाला?

तर मी मेकॅनिकलची इंजिनीअर. पूर्वा. वर्गातली सगळी मुलं हिंजवडीला जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. ज्यांना पाना कुठल्या बाजूने धरायचा ते कळत नव्हतं, ते आता अमेरिकेचे प्रोग्रॅम लिहितायत! मी म्हटलं, नाही, जे शिकले तेच करणार. देशाला यंत्रं कळणारी माणसं नकोत का? आणि देशाचं काम सुरू कुठून करायचं, तर घरापासून... इथेच चुकलं.

घरी गाडी एकच. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले तेव्हा घेतलेली, सेकंडहँड, पांढरी. आमच्या अख्ख्या नात्यात पहिली. दर रविवारी बाबा आईला घेऊन विहारात वंदनेला जाणार आणि येताना ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना दारापर्यंत सोडणार. आठवडाभर हा माणूस त्या एका फेरीवर जगायचा हो! आणि गाडीत बसलेल्या प्रत्येकाला काटा दाखवायचा. "बघा हिराताई, तळाला आहे तळाला! घेतल्यापासून हललेला नाही. बर्फ आहे आमची गाडी!"

आता मला सांगा, ताप बघायला थर्मामीटर लावला आणि पारा हललाच नाही, तर माणूस ठणठणीत म्हणायचा का गेलेला? इंजिनात थर्मोस्टॅट नावाची एवढीशी झडप असते, इंजिन पुरेसं तापेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. काटा हलत नाही म्हणजे झडप बिघडली, इंजिन कायम गारठलेलं, नुसतं पेट्रोल पितंय! मी बाबांना आकृती काढून समजावलं. बाबा म्हणाले, "छान आलीय आकृती." मी मूर्ख, मला तो होकार वाटला.

नाना पेठेत गेले. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "काढलेला द्यायला आलात?" म्हटलं, नाही, नवीन हवाय. तेव्हा त्याने चष्मा वर केला. "अहो, लोक हा काढून फेकतात. विकत मागणाऱ्या आपणच पहिल्या. बसवल्यावर फोटो आणून दाखवा."

घरी आले, गरम पाण्यात झडप उघडते का बघायला पातेल्यात टाकली, तर आई... "अगं, चहाचं पातेलं ते! आता पाहुण्यांना इंजिनाचा चहा देऊ?" पण उघडली हो! फुलासारखी उघडली! मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडी थंड, पाणी काढलं, रबरी होज पाइप सोडला, दोन बोल्ट काढले, झाकण उचललं आणि... आत काहीच नाही! बिघडलेली नाही, अडकलेली नाही, झडपच नाही! आमच्या सोसायटीची जमीन पूर्वी ज्यांची होती ते आप्पासाहेब काठी टेकत आले, आत डोकावले. "अगं पोरी, ती तर समदेच मेकॅनिक काढून टाकत्यात. आपल्याकडं ऊन काय कमी हाय व्हय?"

तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबले. जुनं पॅकिंग खरवडलं, नवं बसवलं, झडप घातली, पाणी भरलं, इंजिन चालू केलं. काटा हळूहळू चढला आणि मध्यावर येऊन थांबला. अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या!

रविवारी वंदना झाली. गाडीत बाबा, आई, मी, हिरामावशी आणि श्यामसुंदरकाका. बाबा सवयीने म्हणाले, "बघा हिराताई, तळा..." आणि पुढचं स्वारगेट तुम्हाला ठाऊकच आहे. मी ओरडतेय, "बाबा, हे नॉर्मल आहे!" ते ओरडतायत, "नॉर्मल इतकी वर्षं तळाला होतं!" बॉनेट उघडून काकांच्या बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं त्यांनी इंजिनावर! मावशी फुटपाथवर गुडघा धरून उभ्या. शेवटी त्या आणि काका रिक्षाने गेले. बाबा त्या रिक्षाकडे बघत राहिले... आणि काटा मध्यावर होता हो, तेव्हासुद्धा मध्यावरच!

त्यानंतर गाडीवर कव्हर. पुढच्या रविवारी म्हणाले, "बसने जाऊ, गाडीला बरं नाही." त्याच्या पुढच्या रविवारी आईला म्हणाले, "तू जा." विहारातून कुणाचा फोन आला की बाथरूममध्ये जाऊन बसायचे. पुस्तक दाखवलं, आकृती पुन्हा काढली, या खेपेला रंगीत. आई म्हणाली, "पूर्वा, गाडी दुरुस्त केलीस गं. यांचं काय करायचं ते पण तुझ्या पुस्तकात बघ."

काय करणार? पाना घेतला, झाकण उघडलं, आणि चांगली, नवी, धडधाकट झडप माझ्या या हातांनी काढून टाकली. बाबांना सांगितलं, काढली. ते किल्ली घेऊन खाली उतरले. कर्वेनगरला एक चक्कर मारून आले. काटा तळाला! बाबा शीळ घालत जिना चढले.

आता इंजिन गारठलंय, पेट्रोल पितंय, मी मागे बसून निमूट बघतेय. आणि बाबा विहारात सगळ्यांना सांगतायत, "आमच्या पूर्वाने काढला हो बिघाड! मेकॅनिकल केलंय तिने, उगाच नाही!" जन्मात पहिल्यांदा कौतुक! आणि त्यावर काय झालं माहितीये? त्यांच्या खात्यातल्या तिघांनी आपापल्या गाड्या आणायचं ठरवलंय, येत्या रविवारी, माझ्याकडून झडप काढून घ्यायला.

हो म्हटलंय मी. तिघांनाही.