केबलमधलं पाणी

भाऊजी : नाही वहिनी, अजून खाली कापावी लागेल. इथेही ओलीच आहे.

वहिनी : केबल आतून ओली कशी होईल? वर एवढं जाड काळं रबर आहे.

भाऊजी : ते उन्हाने तडकलंय. बघा, नुसतं नख लावलं तरी सोलून येतंय. आणि खरी गोम वरच्या जॉइंटमध्ये आहे. ज्याने हा अँटेना बसवला त्याने जॉइंटवर साधी टेप गुंडाळली आणि हात झटकून मोकळा झाला. समुद्रावर असली टेप म्हणजे कागदाची छत्री. आधी खारं वारं शिरलं, मागोमाग पाणी. ते आतल्या जाळीतून झिरपत पार इथवर आलंय. तांबं हिरवं पडलंय सगळं.

वहिनी : पण वायरलेस तर चालू होता. मी रोज बोटींशी बोलत होते.

भाऊजी : कुठल्या बोटींशी?

वहिनी : धक्क्याजवळच्या. बंदरात शिरणाऱ्या.

भाऊजी : आणि लांबच्या?

वहिनी : लांबचे हल्ली कमी बोलतात, असं वाटायचं मला.

भाऊजी : बोलत असतील ते. ओल्या केबलमधून लांबचा आवाज येत नाही.

वहिनी : म्हणजे काय?

भाऊजी : काही नाही. ती पक्कड द्या जरा.

वहिनी : देते. आधी सांगा, हे पाणी कधीपासून आत असेल?

भाऊजी : तांबं काही एका रात्रीत हिरवं होत नाही.

वहिनी : वादळाच्या दिवशी होतं का?

भाऊजी : होतं. त्याच्या बरंच आधीपासून होतं.

वहिनी : म्हणजे यांनी बोटीवरून हाक मारली असती, तर...

भाऊजी : तर तुम्हाला ऐकू आली नसती. दादाची बोट फार बाहेर होती. यात तुमचा काडीचाही दोष नाही, वहिनी.

वहिनी : दोषाचं नाही म्हणत मी. चौकशीला आलेले साहेब काय म्हणाले होते, आठवतंय ना? बोटीवरून एकही हाक आली नाही, त्या अर्थी सगळं एका झटक्यात झालं असणार. त्या एका वाक्यावर दिवस ढकलतोय आपण. बाबांना काही कळलंच नाही, असं सांगून मी पोरीला झोपवते.

भाऊजी : मीही तेच धरून बसलो होतो.

वहिनी : आणि आता कळतंय, ते तासभर हाका मारत असतील. बोटीचं नाव घेऊन, माझं नाव घेऊन. आणि मी खाली सेटसमोर चहाचा कप घेऊन बसले असेन.

भाऊजी : असेल, नसेलही. आता कुणालाच कळायचं नाही ते.

वहिनी : आईंना सांगू नका.

भाऊजी : बंदराच्या ऑफिसला सांगावंच लागेल. पलीकडच्या धक्क्यांवरचे अँटेनाही त्याच माणसाने बसवलेत. तिथेही पाणी शिरलं असणार. तिथेही कुणीतरी तुमच्यासारखं कान लावून बसलेलं असेल.

वहिनी : ऑफिसला सांगा ना, मी कुठे अडवतेय. पण आईंना नको. त्यांच्याकडे तेवढंच उरलंय.

भाऊजी : गावात काही लपून राहतं का? मग तिला परक्याच्या तोंडून कळेल.

(आई जिन्याने गच्चीवर येते.)

आई : काय कळेल मला?

भाऊजी : आई, तू कशाला वर आलीस? वारा बघ किती आहे.

आई : तुमचा आवाज खालपर्यंत येतोय. तो तुकडा बघू. हे हिरवं काय?

भाऊजी : केबलमध्ये पाणी गेलं होतं.

आई : वादळाच्या आधी?

वहिनी : भाऊजी...

भाऊजी : आधी.

आई : म्हणजे थोरल्याने हाक मारली असती, तर ती इथे पोचली नसती.

वहिनी : पण मारली असेलच असं नाही, आई. साहेब म्हणालेच ना, की...

आई : साहेबाला काय माहीत. लहानपणी काटा टोचला तरी घर डोक्यावर घ्यायचा तो. तो मुकाट्याने गेला, हे माझ्या मनाला कधी पटलंच नाही. तुमच्यासमोर मान डोलवायचे, एवढंच. मला वाटायचं, शेवटी आपल्यातलं कुणीच आठवलं नाही की काय त्याला.

वहिनी : बसा इथे.

आई : तू त्या दिवशी खुर्चीवर होतीस ना?

वहिनी : होते. अंधार पडेपर्यंत उठले नाही. नुसती खरखर येत होती.

आई : मग त्या खरखरीतून तुझ्या कानावर तेवढा तरी आला तो.

(थोड्या वेळाने.)

भाऊजी : वहिनी, नवी केबल लावली. ही रबराची टेप ताणून धरा, हिची हिलाच चिकटते. खालून वर गुंडाळत जायचं, म्हणजे पाणी न अडता ओघळून जातं.

वहिनी : धरते मी. गुंडाळा तुम्ही.

भाऊजी : बास. आता वरून काळी टेप, उन्हासाठी.

आई : थांब. रबराचा अजून एक फेरा दे.