राजवाड्याच्या दाराशी काढलेले बूट

अरे, आमच्या शबानाला साधी समजू नका. सुट्टीत मस्कतहून जर्मनीला गेलो होतो. तिथे रेनेसाँच्या काळातला एक राजवाडा बघायला गेलो. लाकडी जमिनीवर ओरखडे नकोत म्हणून दारावरचा माणूस बुटांवरून चढवायला लोकरीच्या सपाता देत होता. हिने आधी बूट काढले आणि दाराशी नीट जोडीने ठेवले.

तो म्हणाला, “मॅडम, बूट पायातच राहू द्या. हा राजवाडा आहे.”

ही म्हणाली, “म्हणजे कुणाचं तरी घरच ना? आम्ही मस्कतला वादी अदाईतल्या आमच्या दोन खोल्यांतसुद्धा बूट घालून फिरत नाही.”

मी म्हटलं, “यल्ला, चल, लोक बघतायत.”

राजवाडा बघून परतलो, तर हिच्या बुटांशेजारी मागून आलेल्यांच्या बुटांची रांग लागलेली. दारावरचा माणूसही नुसत्या मोज्यांवर उभा. राजवाड्याला वळण लावून आलीय आमची शबाना.