कॅमेऱ्यातून हाक

तुम्ही विचारता ना, घरात कॅमेरा बसवून फायदा काय झाला? फायदा झालाच गं. मी सेनगावला ऑफिसात, लेक गावी साखऱ्याला सासूबाईंजवळ, नुकतीच चालायला-बोलायला लागलेली. चूल, उंबरा, उघडं दार, सगळं मला फोनवर दिसायचं. वर बोलायचीही सोय. ती दाराकडं निघाली की मी इकडून ओरडायचे, "सोनू, मागं फिर! आई बघतेय." आणि ती खरंच फिरायची. मला वाटायचं, काय हुशार आई आहे मी!

मग एकदा सासूबाई म्हणाल्या, "लेकरू दिवसभर त्या भिंतीशी बोलून राहिलं. घास दिला तर आधी तिकडं धरतं. मला न्हाई बराबर वाटत."

"आत्या, मशीन आहे ते."

"व्हय, मला कळतंय. तिला कळतंय का?"

मी हसण्यावारी नेलं, पण मनातून काही जाईना. दुसऱ्या दिवशी रजाच टाकली. संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन सहज विचारलं, "सोनू, आई कुठाय?"

तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि बोट कॅमेऱ्याकडं केलं.

"अगं, ही काय आई!"

तिनं मान हलवली. न्हाई.

तेवढ्यात लाईट गेली. कॅमेऱ्यावरचा बारका दिवा विझला आणि माझ्या कडेवरून भिंतीकडं दोन्ही हात पसरून लेक किंचाळली, "आई गेली!"